पर्यायांचे स्वातंत्र्य : नेटवर्कमधील बिघाड व हल्ले यांच्या काळात इंटरनेट सेवांचे सातत्य

गोषवारा

इंटरनेटवरील सेवा अखंड चालू राहाव्यात यासाठी प्रत्येक महत्त्वाच्या घटकाची दुसरी, राखीव व्यवस्था ठेवण्याची पद्धत सर्वमान्य आहे. तरीही राखीव व्यवस्था असलेल्या मोठ्या संस्थांच्या सेवा तासन्‌तास बंद पडल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. प्रस्तुत लेखात २००२ ते २०२५ या काळातील निवडक घटनांच्या आधारे या विसंगतीची कारणमीमांसा केली आहे. राखीव व्यवस्थांच्या संख्येपेक्षा त्या परस्परांपासून किती स्वतंत्र आहेत यावर सेवेचे सातत्य अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे. लेखाच्या अखेरीस महाविद्यालयांना आपल्या व्यवस्थेची तपासणी स्वतः करता यावी यासाठी काही प्रश्न दिले आहेत.

महत्त्वाचे शब्द : सेवासातत्य, राखीव व्यवस्था, समाईक कारण, समुद्राखालील केबल, नामप्रणाली, डीडॉस हल्ला

१. प्रस्तावना

प्रवेश अर्ज, परीक्षा अर्ज, प्रवेशपत्रे, निकाल, शिष्यवृत्ती, वेतन आणि ग्रंथालयातील नियतकालिके ही महाविद्यालयाची बहुतेक कामे आज इंटरनेटवर अवलंबून आहेत. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे काही काळ अध्यापन आणि परीक्षाही त्याच मार्गाने घ्याव्या लागल्या. पूर्वी संकेतस्थळ बंद पडले तर गैरसोय होत असे. आता हक्क बुडू शकतो. अर्जाची मुदत रात्री बारा वाजता संपत असेल आणि संकेतस्थळ दहा वाजता उघडेनासे झाले, तर त्याची किंमत विद्यार्थ्याला एका वर्षाने मोजावी लागू शकते. म्हणूनच सेवासातत्य हा विषय केवळ संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांपुरता मर्यादित राहिलेला नाही.

'नेट बंद आहे' या एका वाक्यामागे अगदी भिन्न कारणे असू शकतात. समुद्रतळावरील केबल तुटलेली असू शकते, वीज गेलेली असू शकते, संकेतस्थळाचे नाव अंकी पत्त्यात रूपांतरित करणारी यंत्रणा बंद असू शकते, कोणीतरी हेतुपुरस्सर हल्ला केलेला असू शकतो, अथवा एखाद्या अभियंत्याने चुकीची आज्ञा दिलेली असू शकते. कारणे भिन्न असली तरी मोठ्या घटनांचे विश्लेषण केले असता एक समान सूत्र आढळते. पर्याय अस्तित्वात होते, परंतु ते एकाच ठिकाणी येऊन मिळत होते. गावाला जाणारे रस्ते दोन असावेत आणि पुढे दोन्ही एकाच पुलावरून जावेत, तशी ही स्थिती होय. पूर येईपर्यंत रस्ते दोन आहेत असेच सर्वांना वाटत राहते.

२. संकल्पनेची पार्श्वभूमी

बिघाड गृहीत धरून जाळे कसे उभारावे, याचा पद्धतशीर विचार पॉल बॅरन या अभियंत्याने अमेरिकेतील रँड या संस्थेत केला. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालमालेत संदेशवहनाच्या जाळ्याच्या तीन रचना वर्णन केल्या आहेत. पहिल्या रचनेत सर्व ठिकाणे एकाच केंद्राला जोडलेली असतात. दुसरीत अनेक लहान केंद्रे असतात. तिसऱ्या, म्हणजे पूर्णतः वितरित रचनेत प्रत्येक ठिकाण आपल्या अनेक शेजाऱ्यांना जोडलेले असते आणि केंद्र असे नसतेच. अणुहल्ल्यात जाळ्याचा मोठा भाग नष्ट झाला तरी उरलेल्या ठिकाणांमध्ये संदेशवहन चालू राहावे, हा बॅरन यांच्या अभ्यासाचा हेतू होता. किमान आवश्यक जोडण्यांच्या तिप्पट किंवा चौपट जोडण्या ठेवल्या, तर अतिशय चिवट जाळे साध्या व स्वस्त घटकांतूनही उभारता येते, हा त्यांचा निष्कर्ष आजही महत्त्वाचा आहे.

संदेशाचे लहान तुकडे करून प्रत्येक तुकडा उपलब्ध मार्गाने पाठवावयाचा, ही कल्पनाही याच अभ्यासात आहे. ब्रिटनमधील डोनाल्ड डेव्हिस यांनी ती स्वतंत्रपणे मांडली आणि या तुकड्यांना 'पॅकेट' हे नाव दिले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेटवरील पहिला संदेश लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे गेला. अर्पानेटची निर्मितीच अणुयुद्धासाठी झाली, असा एक समज रूढ आहे. तो बरोबर नाही. संशोधकांना दूरच्या संगणकांचा वापर करता यावा, हे अर्पानेटचे उद्दिष्ट होते. अणुयुद्धाचा विचार बॅरन यांच्या अभ्यासात होता आणि त्या अभ्यासातील तत्त्वे पुढे या जाळ्याला उपयोगी पडली.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. पॅकेटे वाहून नेणारे जाळे वितरित असले, तरी त्यावर चालणारी प्रत्येक सेवा वितरित असेलच असे नाही. एखादे संकेतस्थळ एकाच इमारतीतील एकाच सर्व्हरवर असेल, तर तेथपर्यंत पोहोचण्याचे मार्ग शंभर असूनही त्या सर्व्हरची वीज गेल्यावर सर्व मार्ग निरुपयोगी ठरतात.

३. उपलब्धतेचे गणित

सेवा वर्षातील किती काळ उपलब्ध असते, हे टक्केवारीत सांगण्याची पद्धत आहे. वर्षाचे ८७६० तास धरले, तर ९९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाला सुमारे ८८ तास सेवा बंद. ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास, ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटे आणि ९९.९९९ टक्के म्हणजे पाच मिनिटांहून थोडे अधिक.

एका सेवेसाठी अनेक घटक एकापाठोपाठ एक चालू असावे लागतात. वीज, इंटरनेट जोडणी, नामप्रणाली, सर्व्हर आणि शुल्क भरण्याची यंत्रणा असे पाच घटक धरू. प्रत्येकाची उपलब्धता ९९.९ टक्के असली, तरी पाचही एकाच वेळी चालू असण्याचे प्रमाण सुमारे ९९.५ टक्के भरते. म्हणजे वर्षाला जवळजवळ ४४ तास सेवा बंद. साखळी जेवढी लांब, तेवढा धोका अधिक.

याउलट एकाच कामासाठी दोन पर्याय समांतर ठेवले तर चित्र पालटते. ९९ टक्के उपलब्धता असलेल्या दोन इंटरनेट जोडण्या घेतल्या आणि त्या पूर्णतः स्वतंत्र असल्या, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता शंभरांश गुणिले शंभरांश, म्हणजे ०.०१ टक्का होते. वर्षाला ८८ तासांचा खंड ५३ मिनिटांवर येतो. पर्यायी व्यवस्थेसाठी होणाऱ्या खर्चाचे समर्थन या आकडेमोडीने केले जाते.

परंतु या गणितातील 'पूर्णतः स्वतंत्र' ही अट अनेकदा वाचलीच जात नाही. समजा, प्रत्येक जोडणीच्या खंडित काळाचा केवळ दहावा भाग दोघींना समाईक असलेल्या कारणामुळे येतो. दोन्ही केबल एकाच चरातून जातात आणि रस्ता खोदताना दोन्ही एकदम तुटतात, असे कारण असू शकेल. अशा स्थितीत दोन्ही जोडण्या बंद असण्याचा एकूण काळ वर्षाला सुमारे साडेनऊ तास होतो. म्हणजे दहा टक्के समाईकपणामुळे अपेक्षित खंड दहापटीहून अधिक वाढतो. तिसरी जोडणी त्याच चरातून आणली तर या साडेनऊ तासांपैकी बहुतांश काळ तसाच राहील. पुढील विभागांत पाहावयाच्या घटना म्हणजे या लहानशा गणिताचीच प्रत्यक्ष उदाहरणे होत.

४. समुद्रतळावरील मार्ग

देशादेशांमधील इंटरनेट वाहतुकीचा फार मोठा भाग समुद्रतळावरील प्रकाशतंतूंच्या केबलमधून होतो. उपग्रहांचा वाटा त्या मानाने अल्प आहे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ भूमध्य समुद्रात 'फ्लॅग युरोप-एशिया' आणि 'सी-मी-वी ४' या दोन केबल तुटल्या. दोन्ही मुंबईला येणाऱ्या केबल होत्या. भारतीय इंटरनेट सेवादारांच्या संघटनेने त्या वेळी देशाची निम्म्याहून अधिक क्षमता बाधित झाल्याचे सांगितले होते. दोन केबल वेगवेगळ्या मालकांच्या होत्या, कागदावर त्या एकमेकींचा पर्याय होत्या. मात्र युरोप आणि आशिया यांना जोडणारा सोयीचा मार्ग इजिप्त व तांबड्या समुद्रातून जात असल्याने दोघी शेजारी शेजारी टाकलेल्या होत्या. ज्या सेवादारांनी पूर्वेकडील, म्हणजे सिंगापूर व पॅसिफिक महासागरमार्गे जाणारी क्षमता आधीपासून घेऊन ठेवली होती, त्यांची सेवा लवकर सावरली.

ही अडचण भूगोलाची असल्याने ती सहजासहजी दूर होत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत हल्ला झालेले 'रुबिमार' हे मालवाहू जहाज तांबड्या समुद्रात वाहत गेले आणि त्याच्या नांगरामुळे तीन केबल तुटल्या असे मानले जाते. ६ सप्टेंबर २०२५ रोजी सौदी अरेबियातील जेद्दाहजवळ 'सी-मी-वी ४' आणि 'आय-मी-वी' या केबल तुटल्या आणि भारत, पाकिस्तान व संयुक्त अरब अमिराती येथील सेवा मंदावल्या. २००८ मध्ये तुटलेल्या दोहोंपैकी एक केबल सतरा वर्षांनी पुन्हा याच चिंचोळ्या मार्गावर तुटली, ही बाब बोलकी आहे.

टोंगा या द्वीपराष्ट्राला तर बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच केबल होती. १५ जानेवारी २०२२ रोजी ज्वालामुखीच्या उद्रेकात ती तुटली आणि मुख्य बेटाची केबलसेवा पूर्ववत होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. भारताची स्थिती अर्थातच तशी नाही. भारतात मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम येथे आंतरराष्ट्रीय केबल किनाऱ्यावर येतात. तथापि मुंबईत वर्सोव्याच्या लहानशा किनारपट्टीवर अनेक केबल एकवटलेल्या आहेत. केबलची संख्या वाढविणे आणि त्या उतरण्याची ठिकाणे वाढविणे ही दोन वेगळी कामे आहेत, याची नोंद धोरणकर्त्यांनी घ्यावयास हवी.

किनाऱ्याच्या आतही समाईक कारणे असतातच. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगर प्रदेशाचा वीजपुरवठा खंडित झाला. लोकलगाड्या थांबल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलण्यात आल्या. विद्यार्थ्यांचे संगणक, त्यांच्या घरातील राउटर, परिसरातील मोबाइल मनोरे आणि महाविद्यालयांची कार्यालये या सर्वांची मदार एकाच वीजजाळ्यावर होती. अशा वेळी एखाद्या विद्यार्थ्याकडे दोन कंपन्यांची सिमकार्डे असणे फारसे उपयोगी ठरत नाही.

५. संदेशांचा पूर

बिघाड अजाणता होतो. हल्ला करणारा मात्र कमकुवत दुवा शोधूनच येतो. सेवा बंद पाडण्याचा सर्वाधिक प्रचलित मार्ग म्हणजे डीडॉस हल्ला. हजारो संगणकांकडून एकाच वेळी निरर्थक विनंत्या पाठवून सर्व्हर किंवा त्याकडे जाणारी जोडणी तुडुंब भरून टाकली जाते. बँकेच्या खिडकीपुढे काहीही काम नसलेल्या हजार माणसांनी रांग लावावी आणि खऱ्या खातेदाराला आत शिरताच येऊ नये, तसा हा प्रकार होय.

अनेक हल्ल्यांत 'परावर्तन' हे तंत्र वापरले जाते. हल्लेखोर आपल्या विनंतीवर स्वतःचा पत्ता न घालता बळीचा पत्ता घालतो आणि ती एखाद्या तिऱ्हाईत सर्व्हरला पाठवितो. सर्व्हरचे उत्तर विनंतीपेक्षा कितीतरी मोठे असते आणि ते थेट बळीवर जाऊन आदळते. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या संकेतस्थळावर अशाच प्रकारे सेकंदाला १.३५ टेराबिट इतका मारा झाला. गिटहबची सेवा सुमारे दहा मिनिटे विस्कळीत झाली आणि नंतर सावरली. आपली सर्व वाहतूक निरर्थक विनंत्या गाळून काढणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या विस्तीर्ण जाळ्यातून वळविण्याची व्यवस्था गिटहबकडे आधीच होती. तहान लागल्यावर विहीर खोदण्याची वेळ तिच्यावर आली नाही. २०२५ मध्ये सेकंदाला २० टेराबिटांहून मोठे हल्ले नोंदविले गेले. एकट्यादुकट्या संस्थेने एवढा पूर आपल्या दाराशी अडविणे शक्य नसते. तो अनेक ठिकाणी वाटून घ्यावा लागतो.

खोट्या पत्त्याची पॅकेटे उगमापाशीच अडवावीत, अशी शिफारस इंटरनेटच्या अभियंता मंडळींनी मे २००० मध्येच प्रसिद्ध केली होती. आपल्या ग्राहकाला दिलेल्या पत्त्यांव्यतिरिक्त अन्य पत्ता लावून निघालेले पॅकेट सेवादाराने बाहेर जाऊ देऊ नये, इतकीच ती शिफारस. तिची अंमलबजावणी अद्याप अपूर्ण आहे. खर्च करणारा एक आणि लाभ होणारा दुसरा, ही अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित असलेली अडचण तिच्या आड येते.

एस्टोनियाचा अनुभव वेगळ्या कारणाने उल्लेखनीय आहे. २००७ च्या एप्रिलअखेरीस ताल्लिन शहरातील सोव्हिएत काळातील एक युद्धस्मारक हलविण्याच्या वादानंतर तेथील शासन, बँका आणि वृत्तपत्रे यांच्या संकेतस्थळांवर काही आठवडे हल्ले झाले. तेव्हा परदेशातून येणारी वाहतूक काही ठिकाणी रोखून देशातील नागरिकांसाठी सेवा चालू ठेवण्यात आल्या. परदेशस्थ एस्टोनियन नागरिकांची गैरसोय झाली, परंतु ज्यांना सेवेची निकड अधिक होती त्यांच्यासाठी ती टिकविता आली. संकटात कोणती सेवा, कोणासाठी, किती प्रमाणात चालू ठेवावयाची याचा क्रम आधी ठरलेला असला, तर संपूर्ण सेवा गमावण्याऐवजी तिचा काही भाग वाचविता येतो.

६. नामप्रणाली : दोन परस्परविरोधी उदाहरणे

संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेस नामप्रणाली, म्हणजेच डीएनएस म्हणतात. तिच्या शिखरस्थानी 'ए' पासून 'एम' पर्यंतच्या अक्षरांनी ओळखले जाणारे तेरा मूळ सर्व्हर आहेत. २१ ऑक्टोबर २००२ रोजी या तेराही सर्व्हरांवर सुमारे तासभर हल्ला झाला. त्यांपैकी अनेकांच्या उत्तरांत खंड पडला, तरी सामान्य वापरकर्त्यांना त्याची फारशी जाणीव झाली नाही. उरलेले सर्व्हर पुरेसे होते आणि सेवादारांच्या यंत्रणांनी आधी मिळविलेली उत्तरे साठवून ठेवलेली होती.

या हल्ल्यानंतर 'एनीकास्ट' या पद्धतीचा वापर वेगाने वाढला. तीत एकच पत्ता जगभरातील अनेक ठिकाणच्या सर्व्हरांना दिला जातो आणि विचारणा नेटवर्कच्या दृष्टीने जवळ असलेल्या सर्व्हरकडे जाते. त्यामुळे हल्ल्याचा पूरही आपोआप विभागला जातो. ६ फेब्रुवारी २००७ रोजी पुन्हा हल्ला झाला, तेव्हा ज्या दोन मूळ सर्व्हरांना मोठा फटका बसला, त्या दोघांनीही तोपर्यंत ही पद्धत स्वीकारलेली नव्हती. आज तेरा नावांमागे जगभरात दीड हजारांहून अधिक सर्व्हर कार्यरत आहेत. भारतात राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंज या २००३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या केंद्रांत त्यांपैकी काहींच्या प्रती आहेत; 'आय' या मूळ सर्व्हरची प्रत मुंबईत आहे. या व्यवस्थेचे बळ केवळ सर्व्हरांच्या संख्येत नाही. तेरा सर्व्हर चालविणाऱ्या संस्था बारा आहेत, त्यांचे कर्मचारी वेगळे आहेत आणि त्या सर्व एकाच प्रकारचे सॉफ्टवेअरही वापरीत नाहीत. एका संस्थेची चूक अथवा एका सॉफ्टवेअरमधील दोष सर्वांना एकदम ग्रासू शकत नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण २१ ऑक्टोबर २०१६ चे आहे. डिन नावाची अमेरिकन कंपनी अनेक मोठ्या संकेतस्थळांना नामप्रणालीची सेवा पुरवीत असे. 'मिराई' या घातक सॉफ्टवेअरने ताब्यात घेतलेल्या कॅमेऱ्यांनी आणि चित्रमुद्रण यंत्रांनी तिच्यावर हल्ला चढविला. कारखान्यातून आलेला पासवर्ड ग्राहकाने बदललेला नाही, एवढ्याच दोषाचा फायदा घेऊन मिराईने ही उपकरणे हस्तगत केली होती. ट्विटर, स्पॉटिफाय, रेडिट यांसारखी संकेतस्थळे काही तास अनेकांना उघडता आली नाहीत. त्यांचे सर्व्हर सुस्थितीत होते. बंद पडली होती ती त्यांचा पत्ता सांगणारी यंत्रणा. डिनकडेही अनेक सर्व्हर आणि एनीकास्ट होते. परंतु तिच्या कित्येक ग्राहकांनी नामप्रणालीसाठी दुसऱ्या कोणत्याही कंपनीची सेवा घेतलेली नव्हती. चार नामसर्व्हरांची नावे नोंदविलेली असली, तरी चारही एकाच मालकाचे होते.

७. अंतर्गत बिघाड

बाहेरच्या शत्रूविना, राखीव क्षमता विपुल असतानाही सेवा कशी बंद पडते, याचे उदाहरण ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पाहावयास मिळाले. भारतीय वेळेनुसार रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या सेवा जगभर बंद झाल्या आणि सुमारे सहा तास बंद राहिल्या. कंपनीने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेमुळे तिच्या डेटा सेंटरांना जोडणारे अंतर्गत जाळेच तुटले. अशी आज्ञा अडविण्यासाठी असलेल्या तपासणी यंत्रणेतही दोष होता. डेटा सेंटरांशी संपर्क होत नाही असे दिसताच कंपनीच्या नामसर्व्हरांनी, ठरवून दिलेल्या नियमाप्रमाणे, आपल्याकडे येण्याचे मार्ग जगाला जाहीर करणे थांबविले. परिणामी फेसबुक हे नावच इंटरनेटवरून दिसेनासे झाले. दुरुस्तीची अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर चालत असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरपर्यंत जावे लागले आणि कडेकोट सुरक्षेमुळे आत शिरून काम सुरू करण्यास वेळ लागला. डेटा सेंटरे अनेक होती, परंतु त्या सर्वांवर एका आज्ञेची सत्ता होती, आणि दुरुस्तीचा मार्ग बिघडलेल्या वस्तूतूनच जात होता.

१९ जुलै २०२४ ची घटना तर कुंपणानेच शेत खावे अशी होती. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष अद्यतनामुळे विंडोज प्रणालीवरील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमानसेवा, रुग्णालये आणि बँका यांच्या कामावर परिणाम झाला. ज्या संस्थांनी मुख्य व राखीव अशा दोन्ही संगणकांवर तेच सॉफ्टवेअर बसविले होते, त्यांचे दोन्ही संगणक एकाच वेळी थांबले. त्या दिवशी भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. लेखणी आणि कागद यांचा त्या सॉफ्टवेअरशी काहीही संबंध नव्हता, म्हणूनच ते खऱ्या अर्थाने स्वतंत्र पर्याय ठरले.

८. माहितीच्या प्रती

सेवा पुन्हा सुरू करता येणे हे माहिती शिल्लक असण्यावर अवलंबून असते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक संपूर्ण इमारत नष्ट झाली. काही ग्राहकांच्या माहितीच्या राखीव प्रतीही त्याच परिसरात असल्याने मूळ माहितीसोबत त्याही जळाल्या. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांपासून आग लागली आणि सहाशेहून अधिक शासकीय संगणकप्रणाली बंद पडल्या. शासकीय कर्मचाऱ्यांच्या कामकाजाच्या दस्तऐवजांची ८५८ टेराबाइट माहिती कायमची गेली. साठा फार मोठा असल्याने तिची बाहेर प्रत ठेवलेलीच नव्हती. इंटरनेट जोडणीत अग्रगण्य गणल्या जाणाऱ्या देशात हे घडले, याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

एस्टोनियाने यासंदर्भात वेगळा मार्ग चोखाळला. २०१७ मध्ये लक्झेंबर्गशी करार करून त्याने आपल्या महत्त्वाच्या शासकीय माहितीच्या प्रती त्या देशात, दूतावासाच्या इमारतीला मिळते तसे कायदेशीर संरक्षण देऊन ठेवल्या. देशावरच संकट आले तरी नागरिकत्व, मालमत्ता आणि व्यवसाय यांच्या नोंदी शाबूत राहाव्यात, हा यामागील विचार होय.

९. महाविद्यालयांसाठी तपासणीचे प्रश्न

वरील उदाहरणे मोठ्या संस्थांची असली, तरी त्यांतून निघणारे प्रश्न लहान महाविद्यालयासही लागू पडतात. त्यांची उत्तरे शोधण्यास खर्च फारसा येत नाही. चौकशी करण्याची चिकाटी मात्र लागते.

(१) इंटरनेटच्या दोन जोडण्या असल्यास त्या इमारतीत एकाच चरातून अथवा एकाच खांबावरून येतात काय? दोन्ही सेवादार पुढे एकाच मोठ्या सेवादाराची क्षमता वापरतात काय? दोन्ही जोडण्या एकाच राउटरला आणि एकाच यूपीएसला लावलेल्या आहेत काय?

(२) विद्यार्थ्यांच्या नोंदी, निकाल आणि लेखाविषयक माहितीची निदान एक प्रत दुसऱ्या इमारतीत आणि नेटवर्कपासून अलग ठेवलेली आहे काय? त्या प्रतीवरून माहिती पुन्हा उभी करण्याचा प्रयोग गेल्या वर्षभरात झाला आहे काय? न तपासलेली प्रत ऐनवेळी वाचता आली नाही, तर ती असून नसल्यासारखीच.

(३) महाविद्यालयाच्या संकेतस्थळाचे नाव कोणाच्या ई-मेल पत्त्यावर नोंदविलेले आहे? ती व्यक्ती निवृत्त झाली किंवा सोडून गेली तर नूतनीकरणाची सूचना कोणाला मिळेल? पासवर्डाची माहिती एकाच व्यक्तीकडे आहे काय?

(४) नेटवर्क बंद असताना संपर्क कोणाशी व कसा साधावयाचा, याची यादी कागदावर आहे काय? ती यादी संगणकावरच असेल तर फेसबुकच्या अभियंत्यांप्रमाणे आपलाही मार्ग बिघडलेल्या वस्तूतूनच जातो.

(५) कॅमेरे, राउटर आणि हजेरीची यंत्रे यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड बदलले आहेत काय? हा प्रश्न आपल्या सुरक्षेपुरता नाही. आपला कॅमेरा दुसऱ्यावरील हल्ल्यात सामील होऊ नये, ही आपली जबाबदारी आहे.

(६) ऐन मुदतीच्या दिवशी सेवा बंद पडली तर मुदत किती वाढेल आणि अर्ज कागदावर कोठे स्वीकारला जाईल, याचा नियम आधीच जाहीर केलेला आहे काय?

यांपैकी सहावा प्रश्न तांत्रिक नाही, आणि म्हणूनच त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. तंत्रज्ञान कितीही सुधारले तरी उपलब्धता शंभर टक्के होणार नाही. उरलेल्या अंशाचा भार कोणी सोसावयाचा हे ठरलेले नसेल, तर तो आपोआप सर्वांत दुर्बल घटकावर, म्हणजे ज्याच्या गावात जोडणी मुळातच अधू आहे त्या विद्यार्थ्यावर, येऊन पडतो. मुदतवाढीचा एक लेखी नियम येथे नव्या सर्व्हरपेक्षा अधिक उपयोगी ठरू शकतो.

शेवटची बाब सरावाची. सुट्टीच्या दिवशी मुख्य जोडणीची केबल हेतुपुरस्सर काढून पाहावी आणि कोणती कामे चालू राहतात, कोणती थांबतात याची नोंद करावी. कागदावर दोन दिसणारे पर्याय प्रत्यक्षात एकच आहेत काय, हे शोधण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय.

१०. समारोप

जाळ्यातील घटक बिघडणार हे गृहीत धरूनही जाळे टिकविता येते, हे बॅरन यांनी साठ वर्षांपूर्वी दाखवून दिले. त्यानंतरच्या काळात घटकांची गुणवत्ता वाढली आणि राखीव व्यवस्थाही वाढल्या. परंतु सोय आणि काटकसर यांच्या ओढीने त्या व्यवस्था पुन्हा एकाच किनाऱ्यावर, एकाच कंपनीकडे, एकाच इमारतीत आणि एकाच आज्ञेखाली एकत्र येत गेल्या. मूळ नामसर्व्हर हल्ल्यांत टिकून राहिले, कारण ते चालविणाऱ्या संस्था, त्यांची ठिकाणे आणि त्यांची साधने भिन्न राहिली. असे वैविध्य सांभाळणे खर्चाचे व गैरसोयीचे असते, आणि बिघाड न झालेल्या वर्षी तो खर्च अनाठायी वाटतो. म्हणून सेवासातत्याचा आढावा घेताना 'आपल्याकडे पर्याय किती आहेत' या प्रश्नापाशी न थांबता 'ते सर्व एकाच वेळी कशामुळे बंद पडतील' हा प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वी लेखी स्वरूपात मागावे.